एका वस्तूची पाच नावे

संपादकांचे पत्र दरवर्षीप्रमाणे श्रावणातच आले : 'दिवाळी अंकासाठी कथा हवी.' यंदा मी कथा पाठवीत नाही. एका पुस्तकावरील टीका पाठवीत आहे. आणि ते पुस्तक बिघडविण्यात माझाच हात होता, हे आधीच कबूल केलेले बरे. पुस्तक म्हणजे काही गाजलेली कादंबरी नव्हे. संगणकावर सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या मुलांसाठी कोणी एकाने काढलेली शंभरेक पानांची मराठी पुस्तिका. चकली-चिवड्याच्या ताटात पाना-पकड वाढावी तसा हा प्रकार वाचकांना वाटेल. पण ज्या घरात एक तरी मूल संगणकाच्या वर्गाला जाते, त्या घराशी या गोष्टीचा संबंध आहे. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही अशी घरे आता थोडीथोडकी नाहीत.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मराठी शिकवतो, चार कादंबऱ्या नावावर आहेत, तेव्हा 'भाषा बघायला' म्हणून लोक काहीबाही आणून देतात. तसे हे हस्तलिखित आले. लेखक विषयाचा जाणकार. भाषा मात्र रुक्ष. एका पानावर 'ऑपरेटिंग सिस्टीम' हा शब्द मी मोजला, तो अकरा वेळा! माझ्या निबंधाच्या वहीत एखाद्या मुलाने असे केले असते, तर मी तांबड्या पेन्सिलीने समासात 'पुनरुक्ती' असे लिहिले असते. मी तेच केले. पहिल्या ठिकाणी 'संचालन प्रणाली' घातले, दुसरीकडे 'परिचालन व्यवस्था', पुढे 'कार्यप्रणाली', जरा डौल यावा म्हणून एका ठिकाणी 'संगणकाची मूळ यंत्रणा'. आकृत्यांचे ठसे आधीच तयार होते. त्यांत 'ऑपरेटिंग सिस्टीम' तसेच राहिले. एका वस्तूची पाच नावे झाली. परिच्छेद मोठ्याने वाचून पाहिला, तेव्हा तो कसा झुळझुळत होता! लेखकाने आभारात माझे नाव छापले.

दोन वर्षांनी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली माझी जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीनंतर ती संगणकाच्या एका वर्गाला जात होती. हातात तीच पुस्तिका होती. कडा दुमडलेल्या, पानोपानी शिसपेन्सिलीच्या खुणा.

"सर, हे संकलक कोण आहेत?" तिने विचारले.

"संकलक?"

"इथं लिहिलंय, संकलक तुमच्या चुका दाखवतात. मग कागद त्यांच्याकडं पाठवायचा असतो का?"

मला हसू आले, आणि लगेच ते मावळले. मुलीची चूक काहीच नव्हती. मीच तिला शिकवले होते की कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर 'संकलक' म्हणून ज्यांचे नाव असते, त्यांनी त्या कविता गोळा केलेल्या असतात. सिनेमाच्या पाट्यांतही 'संकलन' येते. पुस्तिकेतला संकलक म्हणजे कंपायलर, माणूस नव्हे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि पुस्तिकेत काही ठिकाणी 'संकलक दाखवतो' असे होते, ते मीच आदरार्थी बहुवचन करून 'दाखवतात' असे सुधारले होते! दुसरी गोष्ट याहून वाईट. तिच्या परीक्षेत प्रश्न आला होता : 'कार्यप्रणाली म्हणजे काय ते सांगून तिची तीन कामे लिहा.' तिने ज्या प्रकरणाचा अभ्यास केला होता त्यात 'संचालन प्रणाली' हा शब्द होता. कार्यप्रणाली म्हणजे काम करण्याची पद्धत असे समजून तिने दीड पान लिहिले. उत्तर मी वाचले आहे. शुद्ध, नीटस, एक शब्द दोनदा न वापरता लिहिलेले. पाचापैकी शून्य गुण होते.

आता कंपायलर म्हणजे काय ते मला जसे समजले तसे सांगतो. तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस बसतो. आपण आपली तक्रार आपल्या बोलीत सांगायची, तो ती कचेरीला कळेल अशा भाषेत उतरवून देतो. प्रोग्रॅम लिहिणारा आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. कंपायलर ते यंत्राच्या आज्ञांत उतरवतो. आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे खुद्द ती कचेरी : कोणाला किती जागा, कोणाचा कागद आधी, कोणत्या दाराने आत यायचे, हे ठरविणारी. प्रत्येक कचेरीची रीत निराळी. म्हणून अर्जनवीसाला दर वेळी विचारावेच लागते की अर्ज कोणत्या कचेरीसाठी लिहायचा. कंपायलरच्या माहितीपुस्तकात ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव पानोपानी येते ते यामुळे; लेखकाच्या शब्ददारिद्र्यामुळे नव्हे. हे मला तेव्हा कळले असते तर!

पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे सगळे बोलून दाखवले. त्याने मला 'जीसीसी' नावाच्या प्रसिद्ध कंपायलरचे इंग्रजी कागद वाचायला दिले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'जीएनयू' हा उपक्रम जाहीर केला आणि १९८७ साली हा कंपायलर पहिल्यांदा बाहेर आला. शब्दकोश उशाशी घेऊन मी ते कागद महिनाभर वाचले. सारे कळले असे म्हणणार नाही. पण त्यात लिहिणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे, त्याने मात्र मी थक्क झालो. एका बाजूला 'हे लिहा', दुसऱ्या बाजूला 'हे लिहू नका'. एखाद्या जोडशब्दात आडवी रेघ द्यायची की नाही, इथपर्यंत! नुसते 'विंडोज' म्हणू नका, 'मायक्रोसॉफ्ट विंडोज' म्हणा. नुसते 'लिनक्स' म्हणू नका, 'जीएनयू/लिनक्स' म्हणा. मात्र फक्त आतल्या गाभ्याविषयी बोलत असाल तर 'लिनक्स'च म्हणा. जीएनयूच्या लेखननियमांत तर आणखी एक गंमत आहे. विंडोजचे 'विन' असे लघुरूप करू नये, कारण संगणकवाल्यांच्या बोलीत 'विन' ही शाबासकी आहे, आणि त्या मंडळींना ती शाबासकी द्यायची नाही! रुक्ष म्हणतात त्या लेखनातही माणसाचे रागलोभ कसे डोकावतात पाहा.

गाभ्याची ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली जो लिनक्स केला तो ऑपरेटिंग सिस्टीमचा केवळ गाभा. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. त्याभोवतीचे पुष्कळसे सामान जीएनयूचे. जग सगळ्यालाच लिनक्स म्हणते. श्रेय कोणाचे, हा वाद त्यामागे आहे आणि त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. पण कंपायलरपुरता हा वाद मानापमानाचा राहत नाही. कोणत्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करायचा हे जीसीसीला एका लांबलचक नावाने सांगतात : आधी प्रोसेसर, मग यंत्राचा कर्ता, मग गाभा, मग ऑपरेटिंग सिस्टीम. त्या नावाच्या शेवटी कधी 'लिनक्स-जीएनयू' येते, कधी 'लिनक्स-अँड्रॉइड'. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. परंतु टेबलावरच्या लिनक्ससाठी तयार केलेला प्रोग्रॅम उचलून फोनवर घातला तर तो सहसा चालत नाही. गाभा तोच, घर निराळे. ज्या पुस्तकात गाभ्याला आणि घराला एकच नाव, किंवा घराला पाच नावे, त्या पुस्तकावरून हे कोणाला कसे कळावे?

आमच्या पुस्तिकेत तर मी 'कर्नल'चे निम्म्या ठिकाणी 'गाभा' केले आणि उरलेल्या निम्म्या ठिकाणी मला वाटले की लष्करी उपमा असावी, म्हणून राहू दिले! हिंगोलीत एके काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. कर्नल म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे घोड्यावरचा साहेबच उभा राहतो.

त्या इंग्रजी कागदांत सारेच आदर्श आहे असे मात्र नाही. अॅपलच्या सिस्टीमला २००१ साली 'मॅक ओएस एक्स' म्हणत, २०१२ पासून 'ओएस एक्स', २०१६ पासून 'मॅकओएस'; आणि कंपायलरला द्यायच्या त्या लांब नावात मात्र तिचे नाव 'डार्विन'. खुद्द जीसीसी ही अक्षरे आधी 'जीएनयू सी कंपायलर' यासाठी होती. १९९९ पासून त्यांचा अर्थ 'जीएनयू कंपायलर कलेक्शन' असा झाला. नावे बदलतातच. फरक इतकाच की तेथे नाव बदलणारे दुसरे असतात, आणि पुस्तक लिहिणारा त्या बदलाचा हिशेब ठेवतो. आमच्या पुस्तिकेत नाव बदलणारा मीच होतो, तेही वाक्याला लय यावी म्हणून.

मराठीत शब्दांची उणीव आहे असे मला कधीच वाटले नाही. उणीव शिस्तीची आहे. शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली, आणि तरीही त्यातले कितीतरी शब्द आज कचेऱ्यांच्या पाट्यांवर आहेत. त्याचे कारण मला असे दिसते की एका खुर्चीमागे एकच पाटी लावता येते. 'फाईल' या शब्दाची मात्र दशा पाहा. आमच्या मराठवाड्यात निजामी अमलात उर्दूचा कारभार. म्हातारी माणसे 'मिसल' म्हणत. पुढे शासनाची 'नस्ती' आली, कोठे 'धारिका' झाली, संगणकवाल्यांनी 'संचिका' केली, आणि हे सारे सोडून पोरेसोरे फाईलच म्हणतात. चारही शब्द चांगले आहेत. कागद कोठे ठेवला ते मात्र कोणाला सापडत नाही. २००८ साली 'फ्युएल' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून भारतीय भाषांत, मराठीतही, प्रत्येकाला एकच प्रतिशब्द ठरवायचा, हे त्याचे काम. असली कामे करणाऱ्यांना सत्कार-शाली मिळत नाहीत. कादंबरीकारांना मिळतात, हे मी अनुभवाने सांगतो.

माझी बाजू मांडायची तर एवढेच म्हणता येईल की मी ज्या मातीत वाढलो तिथे एका वस्तूला अनेक नावे असणे हे वैभव समजतात. नरसी हे नामदेवांचे गाव आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या भजनात एकच देव विठ्ठल होतो, पंढरीनाथ होतो, केशव होतो. प्रत्येक नावाने तो थोडा अधिक जवळ येतो. विष्णूला तर हजार नावे! पण ज्याला नावे दिली तो कोण हे तिथे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. त्या मुलीला ठाऊक नव्हते. तिच्यासाठी नाव हीच वस्तूची पहिली भेट होती.

आणि दुसरी मातीही इथेच आहे, ती मी विसरलो. हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीची हर्रासी पाहावी. कांडी म्हणजे कांडी, गट्टू म्हणजे गट्टू. दोन्हींचा भाव निराळा. कोणी अडत्या लयीसाठी गट्टूला कांडी म्हणू लागला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या गादीपुढे शेतकरी गोळा होतील. त्या मुलीचे वडील हळदच पिकवतात. तिला मी हे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "मग पुस्तकात पण तसंच करा की, सर."

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे. मुद्रिते सध्या माझ्या टेबलावर आहेत. लेखकाची क्षमा मागून मी त्याचे अकराही 'ऑपरेटिंग सिस्टीम' जागच्या जागी परत बसवले. इंग्रजी तर इंग्रजी, पण तो शब्द हिंगोलीच्या दुकानातही कळतो. 'संकलक' काढून 'कंपायलर' केला आणि त्याचा आदर एकवचनावर आणला. 'गाभा' ठेवला, कर्नलसाहेबांना निरोप दिला. सुरुवातीला त्या इंग्रजी कागदांतल्यासारखा एक तक्ता घातला आहे. तो मी आणि त्या मुलीने चार रविवार बसून केला. शब्द मी सुचवायचा आणि तिने तो पुस्तकभर शोधून सगळीकडे जुळतो का ते पाहायचे, अशी वाटणी होती. माझे सात शब्द तिने नापास केले.

एका ठिकाणी दोघेही अडलो आहोत. कंपायलरच्या बाबतीत तीन यंत्रे वेगळी मानावी लागतात : कंपायलर ज्यावर बांधला ते, तो ज्यावर चालतो ते, आणि तो ज्यासाठी प्रोग्रॅम तयार करतो ते. तिन्ही एकच असू शकतात. तिन्ही तीन ठिकाणची असू शकतात. पहिल्या आवृत्तीत मी तिघांनाही 'प्रणाली' म्हणून मोकळा झालो होतो. तिसऱ्याला आता 'लक्ष्य यंत्र' म्हटले आहे, पहिल्याला 'बांधणी यंत्र'. दुसऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ यजमान. ती म्हणते, "यजमान नको सर, आई बाबांना यजमान म्हणते." त्या रकान्यात अजून पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह आहे, आणि छापखान्याने मुद्रिते भाऊबीजेनंतर मागितली आहेत.