सांबा मसुरीतली तीन जनुकं

सांगलीजवळच्या माधवनगरभोवती ऊस, द्राक्षं, हळद. भाताची खाचरं पाहायची तर पश्चिमेला शिराळ्याकडे जावं. पानाच्या कडा टोकापासून पिवळ्या पडत नागमोडी खाली उतरू लागल्या की तो भाताचा कडा करपा रोग. असं पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं, तर कापातून दुधट धार निघते, ते जिवाणू. पानाच्या कडेवरच्या जलरंध्रांतून ते आत शिरतात, म्हणून डाग कडेनं चालतो.

महाराष्ट्रातल्या या रोगावर श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि एम. के. पटेल या तिघांनी मिळून १९५९ साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं. लेख जेमतेम दोन पानी. या रोगाशी लढण्याच्या वाटेवरची मला सर्वांत देखणी वाटणारी कृती म्हणजे २००८ चं सुधारित सांबा मसुरी हे भाताचं वाण.

मूळ वाण आंध्रातल्या बापटल्याचं, बारीक दाण्याचं, खवय्यांचं लाडकं. पण कडा करप्यापुढे हतबल. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं आणि भात संशोधन संचालनालयानं मिळून त्यात तीन जनुकं आणली. एक्सए२१ मूळचं आफ्रिकेतल्या मालीमधल्या रानभाताचं. ते जिवाणूची चाहूल पेशीच्या दारातच ओळखतं. एक्सए१३ ची रीत निराळी. जिवाणू एरवी भाताचंच एक जनुक चाळवून स्वतःसाठी साखर बाहेर काढतो. इथं त्या जनुकाची कळच बदललेली, जिवाणूला ती दाबता येत नाही. तिसरं एक्सए५. जिवाणूनं एकाला चुकवलं तरी दुसरी दोन उभी असतात. ही रचना मला फार आवडते.

खरं कसब पुढे आहे. एक्सए५ आणि एक्सए१३ अप्रभावी जनुकं. संकरित रोपात ती एकेरी असतात, तेव्हा रोगाची लागण करून पाहिली तरी त्यांचा पत्ता लागत नाही. डीएनएवरच्या खुणा वाचल्या तरच ती हाताला लागतात. नुसत्या शेतावर हे जमलं नसतं, आणि रोप सांबा मसुरीसारखं दिसतं का, हे नुसत्या प्रयोगशाळेला कळलं नसतं. संकरातून आलेली रोपं पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच जुळवली, दर पिढीत जनुकं तपासली. रोगाला तोंड देणारं वाण हाती आलं, आणि दाण्याचा बारीकपणा व शिजण्याची प्रत संशोधकांनी ढळू दिली नाही.