'कुरुदिप्पुनल' : सूत्रधाराचा अपराध

ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र मराठी वाचकास ठाऊक असते ते सरफोजीराजांच्या दातृत्वाची खूण म्हणून. तंजावरविषयी आपले कुतूहल सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख येथेच बहुधा थांबते. त्या छत्रात शिजणारा तांदूळ ज्यांनी पिकविला, त्यांच्या वंशजांची कथा वाचावयाची तर तमिळ कादंबरीकडेच वळावे लागते. इंदिरा पार्थसारथी (स्त्रीनाम धारण करणारे हे लेखक पुरुष आहेत) यांची 'कुरुदिप्पुनल' ही ती कादंबरी. ती 1975 साली प्रसिद्ध झाली व 1977 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तिच्यामागील घटना सर्वश्रुत आहे. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची 44 माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, जाळली गेली. भातउत्पादक जमीनदारांच्या संघाचे अध्यक्ष गोपालकृष्ण नायडू यांना 1970 साली जिल्हा न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. मोटार बाळगणारे धनिक जमीनदार स्वतः पायी जाऊन झोपड्या पेटवितील, हे न्यायमूर्तींना संभवनीय वाटले नाही.

वंशसंहाराच्या 1948 च्या व्याख्येत जात येत नाही, म्हणून तो शब्द येथे मी वापरीत नाही. परंतु प्रश्न तोच आहे. आइखमनच्या खटल्यात 1961 साली जेरुसलेमच्या न्यायालयाने म्हटले होते की, प्रत्यक्ष मारणाऱ्या हातापासून जो जितका दूर, त्याची जबाबदारी तितकी अधिक. कंबोडियात नुऑन चेआवर वंशसंहाराचा दोष शाबीत व्हावयास राजवट कोसळल्यावर 39 वर्षे लागली. पण 2018 साली तो शाबीत झाला तो नेता म्हणून. मद्रासेस मात्र हे अंतरच निर्दोषत्वाचे गमक ठरले.

खेदाची गोष्ट ही की, कादंबरीही याच वाटेने जाते. तिच्यातील जमीनदार कण्णैया नायडू नपुंसक आहे, आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ लेखकाने त्या व्यंगात शोधले आहे. डाव्या समीक्षकांनी यावर घेतलेला आक्षेप केवळ पक्षीय म्हणून झटकता येत नाही. मजुरीचा तंटा, जमीनदारांचा संघ, त्यामागील संमती हे सारे एका देहाच्या दुखण्यात विरून जाते. न्यायालयाने हात शोधला, कादंबरीने गंड शोधला. सूत्रधार दोघांच्याही नजरेतून निसटला.

यामुळे कादंबरी टाकाऊ ठरत नाही. दिल्लीहून आलेल्या गोपाळची सुशिक्षित हतबलता लेखकाने निर्दयपणे रंगविली आहे. तेथे ती खरी उंची गाठते.

तिचे उतारे मराठीत आणताना 'मिरासदार' या शब्दापाशी मी अडलो. तंजावरकडेही शब्द तोच आहे. परंतु आपल्याकडे त्याला वतनाचा, कुळशीलाचा वास येतो. तिकडे तो शेकडो एकरांच्या धन्याचा वाचक आहे. मी तो तसाच ठेवला. 'जमीनदार' म्हटले असते तर मराठी वाचकास तो परका, दूरचा मनुष्य वाटला असता.

गोपालकृष्ण नायडूंचा 1980 साली सूडापोटी खून झाला. कादंबरी तेव्हा पाच वर्षांची होती.