कवायतीतील ‘विश्राम’ आणि मराठी गद्य

सैनिकी जीवनावरील मराठी लेखन बहुधा रणांगण व अधिकारी यांपाशीच थांबते. बेळगावनजीक सांबरा येथील प्रशिक्षणार्थी किंवा 1939 पासूनच्या लोहगाव तळावरील सामान्य वायुसैनिक यांची बोली त्यात क्वचितच उमटते. वस्तुतः कवायतीत परिचित शब्दांचे अर्थ पालटतात. ‘विश्राम’ने विसावा मिळत नाही, हात पाठीमागे धरून निश्चल राहावे लागते. अंग सैल सोडण्याची मुभा ‘आराम से’ या हिंदी आज्ञेनेच मिळते. लग्नमंडपातील ‘सावधान’ येथे टाचा जुळवतो. हे अर्थांतर न टिपता ‘वायुदल’ की ‘हवाई दल’ एवढाच वाद घालणे म्हणजे पाटीवरून भांडत उंबरठ्याबाहेर राहणे होय. पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील निवृत्त वायुसैनिकांकडून हे शब्द आताच संगृहीत झाले पाहिजेत. कोशापूर्वी माणसे जातात.