संवाद लिहा : मराठी शाळेतली बोलायची इंग्रजी

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एक प्रश्न ओळखीचा झाला आहे. दोन मित्र, आई आणि मुलगी किंवा ग्राहक आणि दुकानदार यांच्यातला संवाद लिहा. किमान तीन वेळा अर्थपूर्ण देवाणघेवाण झाली पाहिजे. त्याआधी उलटसुलट दिलेली वाक्यं क्रमाने लावायची, एक अर्धवट संवाद पुरा करायचा. तयारी केलेली मुलं इथे सहसा गुण घालवत नाहीत. भाईंदर पूर्वेला माझ्या घराजवळच्या रद्दीवाल्याकडून गेली सात-आठ वर्षं मी दहावीच्या इंग्रजीच्या वह्या आणि गाईडं वजनावर विकत घेत आलो आहे. चाळीसेक वह्या जमल्या आहेत. घरच्यांच्या मते हा छंद नसून अडगळ आहे. पण या वह्यांतले संवाद एकामागून एक वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, आणि त्याची कोणी समीक्षा केलेली नाही.

या प्रकाराचे संकेत फार कडक आहेत. संवाद नमस्काराने सुरू होतो आणि आभाराने संपतो. दोन्ही पात्रं पूर्ण वाक्यांत बोलतात. एक पात्र अज्ञानी असतं आणि दुसरं झाडांचं, स्वच्छतेचं किंवा वाचनाचं महत्त्व सांगतं. तिसऱ्या फेरीत अज्ञानी पात्राला ते पटतं. कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. वाद नाही, घासाघीस नाही. दुकानदार किंमत सांगतो आणि ग्राहक ती लगेच देतो. भाईंदरच्या बाजारात भाजी घेणारा माणूस हे वाचून हसेल. एका वहीत ग्राहक-दुकानदार संवादाच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं सापडलं, ‘दुकानदार इंग्रजी का बोलतोय?’ वर लाल शाईची बरोबरची खूण होती. ती अर्थात संवादाला होती. माझ्या मते त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य पेन्सिलीचं होतं.

पण या संवादांत जे नाही, त्यातली एक गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. कोणत्याही पात्राला दुसऱ्याचं बोलणं समजलं नाही, असं कधीच घडत नाही. ‘काय म्हणालात?’, ‘पुन्हा सांगता का?’, ‘म्हणजे उद्या की परवा?’ असली वाक्यं चाळीस वह्यांत मला कुठे आढळली नाहीत. परक्या भाषेत बोलताना निम्मी शक्ती याच कामात खर्च होते. ऐकू न आलेलं पुन्हा विचारणं, चुकलेला शब्द सावरणं, माहीत नसलेल्या शब्दाऐवजी वळसा घेऊन सांगणं हे आलं की तोडकीमोडकी इंग्रजीसुद्धा काम भागवते. हे आलं नाही, तर पाठ केलेली शंभर वाक्यं पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला निकामी होतात.

मी पाचवीत ए बी सी डी गिरवलेल्या पिढीतला. मॅट्रिकनंतर एका मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत लागलो. टेलिफोनवर मद्रासहून कोणी इंग्रजीत बोललं की मी ‘यस सर’ म्हणत असे आणि नंतर चुकीचा माल चुकीच्या गाडीत चढे. तिथल्या एका वयस्क तमिळ कारकुनाने मला बाजूला घेऊन दोनच शब्द शिकवले, ‘कम अगेन?’ शाळेतल्या सहा वर्षांच्या इंग्रजीपेक्षा त्या दोन शब्दांनी माझी नोकरी अधिक राखली. ते शब्द फारसे शिष्ट नाहीत, हे मला पुढे समजलं. तोवर कामं झाली होती.

माझ्या पिढीने व्याकरण उचललं ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. नियम, शब्दांची यादी, इंग्रजीतून मराठीत करायची वाक्यं, मग मराठीतून इंग्रजीत. तीन भाग पुरे करणाऱ्याला वर्तमानपत्र वाचता येई, बोलता येत नसे. आज त्या पद्धतीची चेष्टा करायची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. पाठमालेने भाषांतराचं वचन दिलं होतं आणि तेवढं पाळलं. शिवाय तिथे मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या शेजारी बरोबरीने बसे. आताचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन या चारही कौशल्यांची भाषा बोलतं. त्यातल्या कृती वाईट नाहीत. जोडीने बोला, गटात चर्चा करा, असं पानोपानी सांगितलेलं आहे. वर्गात त्या कृतींचं काय होतं, ते माझ्या वह्या सांगतात. ‘जोडीने बोला’ याखाली सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलेलं असतं, फळ्यावरून उतरवलेलं.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून होती. नव्या धोरणाची पहिली तुकडी २०१० साली दहावीला बसली. इंग्रजीची वर्षं सहाची दहा झाली, बोलण्याची अडचण मात्र वयाने चार वर्षं अलीकडे सरकली, एवढाच फरक मला शेजारपाजारच्या मुलांत दिसतो. पालकांनी यातून काढलेला निष्कर्ष सर्वांना ठाऊक आहे. ते मूल थेट इंग्रजी शाळेत घालतात.

बोलण्याला शाळा काय किंमत देते, हे २०१९ साली उघड झालं. भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातचे, तोंडी व श्रवणाचे, अशी पद्धत होती. शाळा हे वीस गुण खिरापतीसारखे वाटतात, म्हणून २०१८-१९ साठी ते काढून टाकले आणि पेपर पूर्ण १०० गुणांचा झाला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळी घसरण या वीस गुणांच्या नावावर टाकता येणार नाही. पण ओरड झाली ती त्यांच्याच नावाने. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागे पडतील, असा तो युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले. त्या काळातली कात्रणं मी जपून ठेवली आहेत. गुण गेले म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. परीक्षेतून बोलणंच गेलं, अशी तक्रार माझ्या कात्रणांत एकही नाही. गुण काढणाऱ्यांना तोंडी परीक्षा खिरापत वाटत होती आणि परत मागणाऱ्यांनाही तीच हवी होती.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहून थोडं अधिक येतं. लिहिलेला संवाद घरी नेऊन तपासता येतो, पालकांना दाखवता येतो. बोललेलं वाक्य हवेत विरतं. जे तपासता येतं तेच शिकवलं जातं. म्हणून बोलणंही लेखनाच्या रूपात आलं.

जुलै २०२५ मध्ये आमच्या मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. त्याच्या काही दिवस आधी पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय मागे घेतले गेले होते. त्या सगळ्या गदारोळात पहिलीपासूनच्या इंग्रजीवर फारसं कोणी बोललं नाही. स्वभाषेचा आग्रह आणि इंग्रजीचं चांगलं शिक्षण यांत वैर आहे, असं आपण धरून चालतो. कॅनडातला क्वेबेक प्रांत पाहावा. १९७७ च्या कायद्याने तिथे बहुतेक मुलांना फ्रेंच शाळेतच जावं लागतं, दुकानाच्या पाटीपर्यंत फ्रेंचची सक्ती आहे. त्याच फ्रेंच शाळांच्या इंग्रजी अभ्यासक्रमात तीन क्षमता सांगितल्या आहेत आणि त्यांत पहिली आहे इंग्रजीत तोंडी देवाणघेवाण करणं. वाचन-लेखन त्यानंतर. तिथल्या मुलांच्या कानावर शेजारून इंग्रजी पडते, आपल्याकडे तसं नाही, हे खरं. पण स्वभाषेवरून कायदा करणाऱ्यांना मुलांच्या तोंडी इंग्रजीची भीती वाटली नाही, हे नोंदवण्यासारखं आहे.

मीरा-भाईंदरचं मराठी शाळेतलं मूल बाजारात हिंदी आणि वाण्याकडे थोडी गुजराती बेधडक बोलतं. चुकतं, समोरचा हसतो, व्यवहार पुरा होतो. इंग्रजीत तेच मूल गप्प बसतं, कारण तिथली प्रत्येक चूक आजवर लाल शाईत मोजली गेली आहे. आणि या चुका अडाणीपणाच्या नसतात. ‘मी इथेच राहतो’ मधला ‘च’ कुठे ठेवावा हे न कळून मूल ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ म्हणतं. मराठीत आर्जव क्रियापदात असतं, ‘द्याल का’, ‘द्या ना’. म्हणून ते इंग्रजीत आज्ञार्थ वापरतं, वर ‘प्लीज’ चिकटवतं, आणि ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटतं. ‘द्या’ आणि ‘द्याल का’ यांतला फरक ज्याला सात वर्षांचा असताना कळतो, त्याला इंग्रजीतला तोच फरक दहा मिनिटांत दाखवता येईल. त्यासाठी वर्गात मराठी वापरावी लागेल. कृतिपत्रिकेत मराठीला भाषांतराचा एक छोटा प्रश्न दिलेला आहे, तेवढीच तिची जागा.

आमच्या इमारतीतली एक मुलगी, दहावीला इंग्रजीत ७८ गुण, यंदा अकरावी वाणिज्यला गेली. आता सगळे विषय इंग्रजीतून. पहिल्या महिन्यात तिला हिशेबशास्त्राच्या तासाला काय अडतं, असं विचारलं. गणित समजतं, म्हणाली, सर मध्ये जे बोलतात ते निसटतं. मग पुन्हा विचारत का नाहीस? यावर ती गप्प झाली. विचारायचं वाक्य तिला येत नव्हतं, आणि ते वाक्य असतं हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वीस गुणांत काय करता येईल, याचा एक हिशेब मी मांडून पाहिला. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवायची. एकाच्या हातात गाड्यांचं वेळापत्रक, दुसऱ्याला बोरिवलीहून नाशिकला सकाळी पोचायचं आहे. वेळ चार मिनिटं, इंग्रजीत, शिक्षक फक्त ऐकणार. गुण व्याकरणाला द्यायचे नाहीत. दुसऱ्याच्या कागदावर शेवटी बरोबर वेळ उतरली की नाही, एवढंच बघायचं. साठ मुलांच्या तीस जोड्या, म्हणजे दोन तास. मी हे संध्याकाळी घराच्या ओट्यावर चार मुलांना घेऊन करून पाहिलं. पहिला दिवस हसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एकाने वेळापत्रकच पुढे करून दाखवलं, ते काढून घ्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्याच मुलाने मान न वळवता ‘सॉरी, अगेन?’ म्हटलं आणि दुसऱ्याने गाडीची वेळ पुन्हा सांगितली, या वेळी सावकाश.