तेलसत्ता आणि राजकीय कादंबरी

सत्ता व्यक्तीच्या ठिकाणी वसते, ही मराठी राजकीय कादंबरीची मूळ श्रद्धा होय. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मधील (१९७७) सत्ताकारणाचे दर्शन प्रभावी खरे; परंतु उद्योगसत्ता तेथेही पार्श्वभूमीसच राहते.

वस्तुतः हे पात्र मुंबईच्या कुशीतच वाढले. १९५१ च्या करारांन्वये स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांनी ट्रॉम्बे येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभारले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याचे अभय आणि कच्चे तेल स्वतःच आणण्याचा हक्क त्यांस मिळाला होता. १९६० मध्ये सोविएत रशियाने स्वस्त तेल देऊ केले, तेव्हा ते शुद्ध करण्यास कंपन्यांनी नकार दिला. आणि अलिप्ततेचा उद्घोष करणारे सरकार आपल्याच सहीने बांधले गेले होते! कादंबरीकाराला याहून नाट्यपूर्ण प्रसंग कोणता हवा?

तेलाचे जग स्थलहीन व बहुभाषिक असल्याने कादंबरीच्या चिमटीत सापडत नाही, असे अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये अब्दुल रहमान मुनीफ यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने सुचविले. ट्रॉम्बेपुरते हे पटत नाही. तेथे स्थळही होते, भाषाही होती.

तेलाची ही गाठ आजही शस्त्रव्यापाराशी पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूनजीक येलहंका येथील विमानप्रदर्शनात अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ एकाच वेळी मांडले गेले. ऑगस्टमध्ये रशियन तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लादला. ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस येलहंक्यास गेला असता, तर मुलाखत कोणाची घ्यावी, असाच पेच त्याला पडला असता.