अर्दबीलचा गालिचा : बसून पाहण्याची वस्तू

मोठ्या इराणी गालिच्यांवर लिहिणारे बहुतेक जण आधी गाठी मोजतात. अर्दबीलच्या गालिच्यात त्या अडीच कोटींच्या घरात भरतात. रेशमी ताणाबाणा, लोकरीची लव, दहा रंग. लांबी साधारण साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाचच्या पुढे. एका टोकाच्या चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४०, हे साल विणले आहे. हे आकडे थक्क करतात खरे, पण रचनेविषयी काहीच सांगत नाहीत.

रचना अशी : गडद निळ्या भुईवर मधोमध पिवळसर पदक, त्याभोवती सोळा लंबगोल पाकळ्या. चारही कोपऱ्यांत त्याच पदकाचा एकेक चतुर्थांश. त्यामुळे काठापाशी नक्षी संपत नाही. काठाखाली सरकून ती पुढे चालूच आहे असे वाटते. पण ही जाणीव छापील चित्रात होत नाही. तिथे सगळा गालिचा तळहाताएवढा, एका नजरेत मावणारा. शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यात त्यावर बसलेल्याला एका वेळी दिसणार ती वेलबुट्टीची काही हात जागाच. जाजमावर मांडी घालून बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पदकाच्या दोन बाजूंना दोन दिवे लोंबतात : एक मोठा, एक लहान. लहान दिव्याकडे बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून ही योजना, असे एक स्पष्टीकरण आहे. मला ते पटत नाही. दृष्टिभ्रमाचा एवढा विचार असता, तर दूरचे कोपरे आणि काठही मोठे विणले असते. ते तसे नाहीत. ‘परिपूर्णता ईश्वराचीच, म्हणून मुद्दाम ठेवलेली उणीव’ हे दुसरे स्पष्टीकरण तर कुठल्याही गालिच्याला चिकटवता येते. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. दोन्ही अंगांनी सारख्या असलेल्या या विस्तारात ‘हे टोक’ आणि ‘ते टोक’ वेगळे ओळखू येते ते केवळ दिव्यांमुळे आणि त्या लेखामुळे.

१८९३ मध्ये विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयाने (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) तो दोन हजार पौंडांना घेतला. अनेक वर्षे तो भिंतीवर टांगलेला होता, म्हणजे छापील चित्रासारखाच उभा. २००६ पासून तो जमिनीलगत, काचेच्या दालनात आहे. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने दहा मिनिटेच प्रकाश पुरेसा केला जातो.

ज्या अखंडपणाचे इतके कौतुक होते, तो मात्र उसना आहे. हे गालिचे जोडीचे होते. एकाच्या डागडुजीसाठी दुसऱ्याचे तुकडे वापरले गेले. पॉल गेटी यांनी १९५३ मध्ये दिलेला तो दुसरा आज लॉस एंजेलिसमध्ये आहे. त्याचा काठ गेला, भुईचाही काही भाग गेला. लांबी उरली सात मीटरांच्या थोडी वर. मकसूदचे नाव आणि साल त्यावरही आहे.