'टॉप हॅट' : खोटा धर्मगुरू, खरे नृत्य

चित्रपट पाहताना आपण धर्मगुरू आहोत हे विसरावे, असा आमचा प्रयत्न असतो. मार्क सँड्रिच दिग्दर्शित 'टॉप हॅट' (१९३५) या हॉलिवूडच्या संगीतपटाने ते जमू दिले नाही. कारण त्यातील सारा गुंता अखेर सुटतो तो एका तोतया धर्मगुरूमुळे.

जेरी (फ्रेड अस्टेअर) लंडनच्या हॉटेलात रात्री टॅपनृत्य करतो आणि खालच्या खोलीतील डेलची (जिंजर रॉजर्स) झोपमोड होते. तंट्यातून प्रीती उमलते. पण जेरीचे नाव तिला ठाऊक नसते. पुढे तिची मैत्रीण मॅज हिचा नवरा होरेस याच हॉटेलात असल्याचे तिला कळते. ब्रीफकेस व काठी घेतलेले गृहस्थ तेच होरेस, असे कारकून सांगतो आणि नेमक्या त्याच वेळी त्या वस्तू जेरीच्या हाती आलेल्या असतात! झाले. एवढ्या बारीक धाग्यावर पुढचा सारा चित्रपट तोललेला आहे. तो धागा मधूनमधून ताणलेला दिसतो, हे मान्य करायला हवे.

पण व्हेनिसमधील नृत्य पाहावे. मॅजला या दोघांचे जमवायचे आहे, म्हणून तीच त्यांना नाचायला लावते. आणि 'आपल्याच पतीला ही माझ्या मिठीत का ढकलते?' या संभ्रमात डेल पाऊल उचलते. आयर्विंग बर्लिन यांच्या 'चीक टु चीक' या गीतावर हे नृत्य रंगते. प्रारंभी तिचे अंग आखडलेले. मग गर्दी मागे पडते, पिसांचा झगा लहरू लागतो आणि ती मागे झुकते ती निःशंक. बुद्धी ज्याला परका मानते, त्याला देहाने ओळखलेले असते. नृत्य थांबते आणि तिच्या मुद्रेवर शंका परतते. शब्दाविना एवढे सांगणारे प्रसंग आम्ही फार थोडे पाहिले आहेत.

यानंतर संतापाच्या भरात डेल त्याच रात्री बेद्दिनी या वस्त्रकल्पकाशी लग्न उरकते. आणि लग्न लावणारा धर्मगुरू म्हणजे कॉलर उलटी घातलेला होरेसचा नोकर बेट्स निघतो! १९३० साली येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड यांनी मार्टिन क्विग्ली यांच्यासह रचलेली चित्रपट-आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे अमलात आली होती. धर्मगुरूला हास्यास्पद करू नये, विवाहाचे पावित्र्य जपावे, असे तिचे दंडक. येथे हसे होते ते नोकराचे आणि घटस्फोटाची गरजच उरत नाही. युक्ती बिनतोड आहे.

आमची तक्रार निराळी आहे. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार विवाहसंस्कार वधूवरच एकमेकांना देतात. आम्ही केवळ ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीदार. अधिकृत साक्षीदार नसल्यास कॅथोलिकांचा विवाह रद्दबातल ठरतो, हे खरेच. पण डेलने 'होय' म्हटले ते कोणाला? त्या नवऱ्याला, की मनातल्या रागाला? चित्रपट हा प्रश्न कॉलरीखाली दडवतो. लग्नापूर्वी आम्ही वधूवरांना वेगवेगळे बसवून विचारतो, 'स्वखुशीने येत आहात ना?' काही जण उत्तर द्यायला वेळ घेतात. हा प्रश्न डेलला कोणी विचारला असता, तर तिला तिथेच रडू कोसळले असते आणि चित्रपट थोडा आधीच संपला असता.

बेद्दिनीच्या वाट्याला मात्र तेव्हाही तेच आले असते. त्याच्या फसवणुकीची चित्रपटाला खंत नाही. आम्हांला ती होती.